सहाशे फेरे

कॅबिनेट बियाणं कंपनीच्या लिलावातला.
काळा पत्रा. काच नाही, दिवे नाहीत,
अंगावर पांढऱ्या रंगात नंबर: लेखा-१७.
सदर बाजारातले वजाहतभाई म्हणाले,
अरे, गेमिंगचा बनवायलास ना?
मग हा तलाठ्याचा डबा कामून?
त्यांनी नवा माल दाखवला, तीन बाजूंनी काच,
आत गणपतीच्या मांडवाएवढी रोषणाई.
मी म्हटलं, भाई, बायकोच्या उशाशी ठेवायचाय.
मग त्यांनी काही विचारलं नाही,
फक्त ग्राफिक्स कार्डाचे पाचशे कमी केले.

दिवसभर मी रोलिंग मिलमध्ये असतो.
लाल सळई स्टँडमधून सुटते तेव्हा
शेजारचा ओठांनी बोलतो, आपण डोळ्यांनी ऐकतो.
कानात कापूस, वरून रुमाल,
तरी आवाज दातांतून आत येतो.
घरात मला एकही जास्तीचा आवाज नको होता.

म्हणून पंखे मोठे घेतले, सहाशे फेऱ्यांवर बांधले.
त्यांच्या स्क्रूंखाली सायकलच्या ट्यूबच्या चकत्या.
झाकणाला आतून फोम,
मोंढ्यामागं रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्या देविदासकडचा.
कोणती गाडी, म्हणाला, आणि माप बघून
माझ्याकडं बघत राहिला.
प्रोसेसरवर पेस्ट ज्वारीच्या दाण्याएवढी.
कार्डाचं व्होल्टेज पायरी-पायरीनं उतरवलं,
दर पायरीला अर्धा तास खेळून बघायचं.
खेळणं हेच काम,
असं मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.
निळा दिवा डोळ्यात खुपायचा,
त्यावर ऊर्मिलाची टिकली चिकटवली. मरून रंगाची.

मे महिना. कूलर आहे,
पण त्याला पाजायला पाणी नाही.
नळ दहाव्या दिवशी येतो, कधी बाराव्या,
रात्री एक, तीन, साडेचार, त्याची मर्जी.
आधी सुस्कारतो, मग थुंकतो, मग धार.
त्या सुस्काऱ्यासाठी ऊर्मिला वर्षानुवर्षं
एक कान उघडा ठेवून झोपते.
या खेपेला ठरलं: तू झोप, मी खेळत जागतो.
गेमचा आवाज शून्यावर.
बर्फाच्या जंगलात माझा माणूस मुक्यानं चालतो,
लांडगे मुक्यानं ओरडतात.

तिनं कूस बदलून विचारलं, बंद केलं का?
चालू आहे.
तिनं पेटीवर हात ठेवला, ताप बघतात तसा.
कोमट होती.
मग ती झोपली, पुरती झोपली.
लग्नाला सहा वर्षं झाली,
तिला घोरताना मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं.

सव्वादोनला सुस्कारा आला.
तिला उठवलं. घागरी, टब, पाईप, सगळं मांडलं.
नळ कोरडा.
तीनला पुन्हा. पुन्हा कोरडा.
तिसऱ्यांदा ती उठलीच नाही,
अंथरुणातून म्हणाली,
नळ नाही तो. तुमचा कान आहे.

नळापाशी बसून मी दोन्ही तळवे कानांवर दाबले.
सुस्कारा तसाच. बारीक, न थांबणारा,
मिलमधून माझ्याबरोबर घरी आलेला.
किती वर्षं येत असेल,
कूलरखाली, टीव्हीखाली, बोलण्याखाली दबून.
मी एवढे आवाज काढून टाकले
तेव्हा हा उरला.

आता पेटी अगदी गप्प नसते.
मागचा एक पंखा आठशेवर नेलाय,
तेवढ्यानं कान झाकला जातो.
नळाखाली स्टीलचं ताट उपडं ठेवलंय.

काल पावणेपाचला ते वाजलं.
दोघं एकदमच उठलो.
टिकलीच्या कडेनं थोडा निळा उजेड गळत होता,
आणि बर्फात माझा माणूस
हात खाली सोडून उभा होता,
आम्ही भरून येईपर्यंत.